भरतीचं १६०० मीटर ५:३० च्या आत कसं आणायचं? कोल्हापूर भागातल्या पोरांसाठी धागा

भोगावतीकाठ

राम राम मंडळी. आत्याचा पोरगा आहे, करवीर तालुक्यातला, बारावी झालाय, अग्निवीर जीडीची (जनरल ड्युटी, म्हणजे फौजेतला साधा जवान) ऑनलाइन परीक्षा दिलीय आणि आता ग्राऊंडची तयारी चाललीय. त्याचं १६०० सहा मिनिटाला येऊन अडकलंय ते अडकलंयच. रोज पहाटे उठतो, रोज मोबाईलवर स्टॉपवॉच लावून पूर्ण १६०० जीव खाऊन पळतो, एक दिवस ५:५६ येतंय, दुसऱ्या दिवशी ६:०४. त्यात आता दोन्ही नडग्या दुखायला लागल्यात, जिना उतरताना कठडा धरून आडवा आडवा उतरतो पण घरात बोलत नाही, बोललं तर पळणं बंद करतील ही भीती.

आमच्याकडं गावागावात हेच चाललंय. पहाटे कुठल्याबी रस्त्याला जावा, पाच-दहा पोरं अंधारात पळत असतात, शिकवणारं कोण नाही, एक दुसऱ्याचं बघून पळतोय. ज्यांच्या घरी दोन एकर पण धड नाही त्यांच्यासाठी ही भरती म्हणजे सगळं घर डोळे लावून बसलेलं असतं. म्हणून हा धागा काढलाय. टायमिंग खाली कसं आणायचं, नडगीचं काय करायचं, बीम (दांड्याला लटकून अंग वर ओढायचं ते) कसे वाढवायचे आणि मेडिकलला काय बघतात, ज्याला जे ठाऊक आहे ते लिवा.

निवृत्त_सुभेदार

चांगला विषय काढलात. मी शिरोळ तालुक्यातला, मराठा लाईट इन्फंट्रीतनं निवृत्त. आमच्या तालुक्यातलं सैनिक टाकळी तुम्हाला माहीत असंलच, पिढ्यानपिढ्या घराघरातनं फौजी. मी सकाळी गावातल्या पोरांना ग्राऊंडवर घेतो, पैसे घेत नाही, त्यामुळं जे डोळ्यानं बघतो तेच सांगतो.

आधी मार्कांचं गणित पोराला नीट समजावा, कारण निम्म्या पोरांना तेच माहीत नसतं. १६०० मीटर ५:३० च्या आत आलं की ६० मार्क. ५:३१ ते ५:४५ ला ४८. पूर्वी इथंच दार बंद व्हायचं, २०२५ च्या भरतीला पुढं अजून दोन गट दिले, सहा मिनिटापर्यंत ३६ आणि ६:१५ पर्यंत २४. बीमला १० मारले की ४०, ९ ला ३३, ८ ला २७, ७ ला २१, ६ ला १६, त्याच्या खाली बाहेर. असं मिळून शंभर. ९ फुटाचा खड्डा उडी मारून ओलांडणं आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी अरुंद फळीवरनं तोल सांभाळत चालणं) याला मार्क नाहीत पण पास व्हावंच लागतं. म्हणजे तुमचा पोरगा ५:५६ ला आला तर ३६ आणि ६:०४ ला आला तर २४, आठ सेकंदात १२ मार्क गेले. आपल्या कोल्हापूरच्या भरती कार्यालयाखाली कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि वर गोवा, एवढ्या सगळ्यांतली पोरं मेरिटला असतात. पास होणं वेगळं आणि मेरिटला बसणं वेगळं.

आता पळायचं. ५:३० म्हणजे ३३० सेकंद. ४०० च्या ट्रॅकला चार राऊंड, एक राऊंड साडेब्याऐंशी सेकंदात. पोरं काय करतात, शिट्टी वाजली की पहिला राऊंड ७० मध्ये काढतात, दुसऱ्याला छाती भरते, तिसऱ्या राऊंडला चालायची पाळी येते. माझ्याकडं येणाऱ्या पोराला मी पहिले काही दिवस फक्त ८२-८३ चा एक राऊंड ओळखायला शिकवतो. घड्याळ माझ्या हातात, त्याच्याकडं काय नाही, पळून आला की त्यानं सांगायचं किती झाले असतील. जेव्हा अंदाज एक-दोन सेकंदात बरोबर यायला लागतो तेव्हाच पुढचं.

अजून एक, भरतीत एकटं पळायचं नसतंय. मोठी बॅच एकदम सोडतात, ढकलाढकली होती, पोरं पडतात. बिचकून कडंकडंनं पळणारी पोरं पण असतात, त्यांचं नुकसान होतं. आतल्या लेनपेक्षा सव्वा मीटर बाहेरनं पळालं की एका राऊंडला साडेसात मीटरच्या वर जादा पळणं होतं, चार राऊंडला तीस मीटर, म्हणजे सहा सेकंद गेले. म्हणून सुरुवातीला वीस-तीस मीटर जोरात काढून आतली जागा पकडायची आणि मग आपल्या स्पीडला यायचं. ओव्हरटेक सरळ भागात करायचा, वळणावर नाही. हे दहा-पंधरा पोरं एकत्र पळवूनच शिकता येतं.

ज्योतिबा_रनर

सुभेदार काका एकदम बरोबर. मी ट्रेनिंगबद्दल लिहितो, कॉलेजला असताना विद्यापीठाच्या टीमला क्रॉस कंट्री पळत होतो.

भोगावतीकाठ दादा, तुमच्या भावाचं टायमिंग अडकायचं कारण तुमच्याच पोस्टमध्ये आहे, रोज पूर्ण १६०० फुल ताकदीनं. शरीर रोज परीक्षा देतंय आणि अभ्यासाला वेळच मिळत नाही. वाढ होते ती मधल्या आरामात आणि हळू पळण्यात. आमच्या पोरांना हळू पळ म्हटलं की कमीपणा वाटतो, शेजारनं कोण पुढं गेलं की लगेच रेस लावतात. पण आठवड्यातले तीन-चार दिवस ३५ ते ४५ मिनिटं असं पळायचं की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. यानं दम वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं आणि तिसऱ्या राऊंडला जी मान टाकली जाते ती थांबते.

वेगाचं काम आठवड्यातनं दोनच दिवस. एक दिवस ४०० चे पाच-सहा, प्रत्येक ८१-८२ ला, मधे दोन मिनिटं चालत आराम. शेवटचा पण ८२ लाच आला पाहिजे, पहिला ७५ आणि शेवटचा ९२ असं झालं तर तो दिवस वाया. दुसऱ्या वेगाच्या दिवशी २०० चे आठ-दहा, ३९-४० सेकंदात. पाय तयार झाले की कधी कधी २०० च्या ऐवजी चढ. आपल्याला चढाला काय कमी आहे, ज्योतिबाचा घाट आहे, पन्हाळ्याचा आहे, तीस-चाळीस सेकंद चढावर जोरात आणि खाली चालत. उतरताना पळायचं नाही, नडगीची आणि गुडघ्याची वाट उताराला लागते. एक दिवस पूर्ण सुट्टी. आणि स्टॉपवॉच लावून पूर्ण १६०० दोन-तीन आठवड्यातनं एकदाच.

आधी वॉर्म-अप दहा-पंधरा मिनिटं, हळू पळून मग पाय सोडवायचे. सहा मिनिटावरनं ५:३० ला यायला नेटानं केलं तर काही महिने लागतात, पंधरा दिवसात होणार नाही हे घरच्यांना पण सांगून ठेवा.

गंगावेस_तालीम

भावा बीमचं मी सांगतो, आमचं अंग तालमीतलं. तालमीतल्या पोरांचं उलटं असतंय, बीम दहा-बारा सहज पण वजन जास्त म्हणून पळायला मार खातात. आणि पळणारी पोरं वाळकी, ती बीमला पोत्यासारखी लोंबकळतात.

पहिली गोष्ट, भरतीतला बीम आणि जिममधला बीम एक नाही. हात पूर्ण सरळ झाला पाहिजे, हनुवटी दांड्याच्या वर गेली पाहिजे, झोका चालत नाही, पाय झाडलेलं चालत नाही. अर्धवट मारलेला मोजतच नाहीत, तुमच्या मनात सात झालेले असतात आणि तिथं चार. म्हणून घरी पहिल्या दिवसापासनं मोजणारा कडक ठेवा, मित्र नको, मोठा भाऊ किंवा वस्ताद.

ज्याला एक पण येत नाही त्यानं स्टूलवर चढून हनुवटी वर ठेवायची आणि पाच सेकंद लावून हळूहळू खाली यायचं. असं चार-पाच वेळा, थांबून परत. उतरताना ताकद तयार होते. ज्याला चार-पाच येतात त्यानं एका दमात दहाच्या मागं लागू नये, दिवसभरात तीन-तीनचे सात-आठ सेट टाकावे, जाता येता. आमच्या आळीत एका पोरानं गोठ्याच्या तुळईला पाईप बांधलाय, धार काढायला जाताना तीन आणि येताना तीन. पंजाची पकड पण बघा, नुसतं लटकायचं, मिनिटभर लटकता आलं पाहिजे. दोरी चढणं आणि मल्लखांब याच्यापुढं तर कुठलं मशीन नाही. जोर-बैठका आहेतच पण बैठका पळायच्या आदल्या दिवशी शेकड्यानं मारू नका, मांड्या भरल्या की पळणं गेलं.

खाण्याचं म्हणाल तर डबे विकत घ्यायची गरज नाही. भाकरी, उसळ, अंडी, शेंगदाणे-गूळ, केळी आणि दूध. तालमीतली पोरं गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पितात ते ठीक, पण पळायच्या आधी नको, पोटात डचमळतंय. घरी उकळून प्यायलं तर अजून चांगलं.

पायाचा_इलाज

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नडगीचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

भोगावतीकाठ, आज एक गोष्ट करून बघा. त्याला बसवा आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवरनं बोट दाबत खालपर्यंत न्या. लांब पट्ट्यात, साधारण वीतभर सगळीकडं दुखत असेल, पळायला सुरुवात करताना दुखतं आणि अंग गरम झालं की कमी होतं असं असेल तर ते जास्त ताणामुळं आलेलं दुखणं आहे, आराम आणि व्यायामानं बरं होतं. पण एकाच जागी, नाण्याएवढ्या ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, पळताना वाढतच जात असेल, रात्री झोपेत ठणकत असेल, एका पायावर उडी मारल्यावर सणक जात असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. मग हाडाच्या डॉक्टरकडं जायचं म्हणजे जायचंच. आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यात एक्स-रेमध्ये तो तडा बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळं एक्स-रे नॉर्मल आला म्हणून लगेच पळायला सोडू नका, डॉक्टरांना सगळी लक्षणं सांगा. तडा असेल तर सहा ते आठ आठवडे पळणं बंद. त्याच्यावर पळत राहिला तर हाड पूर्ण मोडू शकतं आणि मग भरती कायमची गेली.

कारणं ठरलेली असतात. एकदम वाढवलेलं पळणं, डांबरी नाहीतर सिमेंटचा रस्ता, तळवा झिजलेले बूट, आणि पोटरीत ताकद नसणं. पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाच हळू खाली आणि वर, सरळ गुडघ्यानं पंधरा आणि थोडा वाकवून पंधरा, रोज. दुखणं आहे तोपर्यंत सायकल आणि पोहणं, दम तुटत नाही. राजाराम तलाव किंवा गावची विहीर, ज्याला पोहता येतं त्यानं सोबत कुणाला तरी घेऊनच.

उजळाईवाडी_०७

ताई एक विचारू का, आमच्या इथं एका अकॅडमीत पोरांना ग्राऊंडच्या आधी दुखणं थांबायचं इंजेक्शन देतात आणि सर म्हणतात सगळे घेतात. अजून एक शक्तीचं म्हणून देतात, त्याचं नाव सांगत नाहीत. माझा मित्र घेतोय. चालतं का ते?

पायाचा_इलाज

नाही चालत. मित्राला आजच थांबव. दुखण्याचं इंजेक्शन घेतलं की कळ जाते पण हाडाचा तडा तसाच राहतो, आणि त्याच्यावर पूर्ण ताकदीनं १६०० पळलं तर काय होतं ते मी पेशंटमध्ये बघितलंय. वर घाम गेलेला, पाणी कमी प्यायलेलं आणि त्यात पेनकिलर, हे किडनीला धोक्याचं आहे. नाव न सांगता जे देतात ते तर अंगाला टोचूनच घ्यायचं नाही. अठरा-एकोणीस वर्षाचं पोर आहे ते, त्याच्या आईबापाला तरी विचारलंय का?

निवृत्त_सुभेदार

उजळाईवाडी, बाळा, नीट ऐक. भरतीच्या नोटिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की उत्तेजक औषध घेतलेलं सापडलं की बाहेर. आणि समजा नाही सापडलं, तरी पुढं ट्रेनिंग सेंटरला रोज पाठीवर ओझं आणि हातात रायफल घेऊन पळायचंय, तिथं कोण इंजेक्शन देणार आहे? मित्राला माझ्याकडं पाठव, इथंच व्यनि (खाजगी मेसेज) कर, फुकट घेतो ग्राऊंडवर. अकॅडमीची फी भरायला त्याच्या बापानं काय विकलं असंल देव जाणे.

कागलची_पोर

पोरींचं पण कुणीतरी लिहा की. मी अग्निवीर महिला मिलिटरी पोलीसची तयारी करतेय. आम्हाला १६०० च आहे, ७:३० च्या आत पहिला गट, ८ मिनिटापर्यंत दुसरा. लांब उडी १० फूट आणि उंच उडी ३ फूट, दोन्ही पास व्हावं लागतं. उंची १६२. बऱ्याच मैत्रिणी पोलीस भरतीचं आणि हे एकत्र करतात आणि गोंधळ होतो, पोलीसला मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळा आहे, १६०० नाही, त्यामुळं आर्मीसाठी दम वेगळा बनवावा लागतो.

आमचा खरा प्रॉब्लेम पळायचा नाही, कुठं पळायचं हा आहे. पहाटे अंधारात एकटीला घरातनं सोडत नाहीत आणि उजाडल्यावर रस्त्याला लोक बघत उभी राहतात. मी आणि आळीतल्या दोघी मिळून शाळेच्या ग्राऊंडवर जातो, सरांनी गेटची चावी दिलीय. आईला एक दिवस सोबत नेलं आणि घड्याळ तिच्या हातात दिलं, आता तीच पाचला उठवते. ज्या पोरी एकट्या आहेत त्यांनी आधी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा, बरेच जण नाही म्हणत नाहीत. आणि पोरींनो हिमोग्लोबिन तपासून घ्या, माझं कमी निघालं होतं, गोळ्या चालू केल्यावर दम वाढला हे मला स्वतःला जाणवलं.

भोगावतीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी सांगत नाही हो. काल पोराची नडगी दाबून बघितली, लांब पट्ट्यात दुखतंय, एका जागी नाही, तरी पण उद्या डॉक्टरला दाखवतोय. पळणं बंद आणि सायकल चालू केलीय, आधी रुसला पण ताईंची पोस्ट वाचायला दिली तेव्हा गप बसला. आता मेडिकलचं कुणीतरी सांगा, गेल्या भरतीत आमच्या शेजारचा पोरगा पळण्यात पहिल्या गटात आला आणि मेडिकलला अनफिट झाला, त्याच्या आईनं दोन दिवस जेवण सोडलं होतं.

डॉक्टर_गडहिंग्लज

हे तयारी सुरू करतानाच बघायला पाहिजे, शेवटी नाही. वर्षभर पळून मग कळतं की गुडघे चालत नाहीत, फार वाईट वाटतं.

घरी बघता येण्यासारखं: पाय ओला करून कोरड्या शहाबादी फरशीवर उभं राहा, तळव्याचा पूर्ण ठसा उठला, मधला भाग मोकळा राहिलाच नाही तर पाय सपाट असू शकतो. मग चवड्यावर उभं राहून बघा, तेव्हा कमान तयार होत असेल तर बहुतेक चालतं, तेव्हाही होत नसेल तर अडचण आहे. गुडघे जुळवून सरळ उभं राहा, घोट्यांमध्ये पाच सेंटिमीटरच्या वर अंतर राहत असेल तर दाखवून घ्या. जाड मांड्यांमुळं कधी कधी तसं वाटतं, ते वजन उतरल्यावर कमी होतं, पण हाडाचीच ठेवण तशी असेल तर कुठल्याच तेलानं किंवा पट्ट्यानं सरळ होत नाही, त्यात पैसे घालू नका. कोपरापासून हात बाहेर जास्त वळतो का ते पण बघतात.

कानातला मळ ही सगळ्यात फुकट जाणारी संधी. आधी डॉक्टरकडनं कान साफ करून घ्या, काडी घालून नको, पडदा फाटला तर तेच कारण होतं. दात किडलेत तर भरून घ्या. अंडकोषाच्या शिरा फुगणं, हायड्रोसील, हर्निया हे पोरं लाजेनं सांगत नाहीत, पण तिथं कपडे काढून तपासतातच. ऑपरेशननं बरं होतं, फक्त जखम भरून पूर्ण फिट व्हायला वेळ हातात पाहिजे. रंगांधळेपणा मात्र बरा होत नाही, ते ठिपक्यांचे आकडे पाठ करून जायचं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जत्रेत हातावर गोंदवून घेऊ नका, टॅटूचे नियम कडक आहेत.

आणि अनफिट म्हटलं की रडत घरी यायचं नाही, रिव्ह्यू मेडिकल मागता येतं. तिथंच कागद देतात, मिलिटरी हॉस्पिटलला किती दिवसात जायचं ते त्याच्यावर असतं. ती तारीख चुकवायची नाही.

निवृत्त_सुभेदार

डॉक्टरसाहेब, हे प्रिंट काढून ग्रामपंचायतीच्या बोर्डाला लावतो.

उंची-छातीचं राहिलं. आपल्या भागाला जीडीसाठी उंची १६८, छाती ७७ आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे. छाती फुगवायची सवय नसल्यानं पोरं चार वर अडकतात, रोज आरशासमोर श्वास ओढून धरायला शिका. फौजीच्या मुलाला उंचीत २ सेंटिमीटर सवलत आहे, रिलेशनशिप सर्टिफिकेट वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसकडनं लागतं, ते आधीच मागवून ठेवा. बाकी डोमिसाईल, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, नावाचं स्पेलिंग सगळीकडं एक पाहिजे. एनसीसीचं सर्टिफिकेट असंल तर विसरू नका, बोनस मार्क आहेत.

ज्योतिबा_रनर

एक राहिलं आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. ऊसतोडीचा हंगाम चालू असताना पहाटे रस्त्याला पळताय तर सांभाळा. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही, ऊस बाहेर आलेला असतो, ड्रायव्हर रात्रभर जागा, आणि आपली पोरं काळा टी-शर्ट काळी पँट घालून कानात हेडफोन. पळायचं तर समोरनं येणारी गाडी दिसंल अशा बाजूनं, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनं. पांढरा शर्ट घाला, सायकलच्या दुकानात रेडियमची पट्टी मिळते ती पाठीवर शिवून घ्या, हेडफोन घरी ठेवा. आणि जमलं तर रस्ता सोडाच, शाळेचं ग्राऊंड, माळ, कॅनॉलच्या कडेची मातीची वाट, नडगीला पण तेच बरं.

उजळाईवाडी_०७

सुभेदार काका व्यनि केलाय. मी आणि मित्र दोघं येतो रविवारी, किती वाजता यायचं आणि बूट कुठले आणू ते सांगा.

निवृत्त_सुभेदार

साडेपाचला. जे बूट पायात बसलेत आणि तळवा झिजला नाही तेच आण, भरतीच्या तोंडावर नवीन घेऊ नको. येताना दोघांची दाखल्यांवरची नावं आणि मार्कशीटवरची नावं जुळतात का बघून ये, फरक असंल तर सोमवारी तहसीलला जाऊ.